बोटाने फिरणारा नट

मागच्या महिन्यात आमचा झोपाळा पुन्हा टांगला. पार्ल्याची जुनी इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत तीन वर्षं तो दादाच्या बोरिवलीच्या घरी माळ्यावर सतरंजीत गुंडाळून पडला होता. फळी सागवानी, कड्या पितळेच्या. कड्या मी चिंचेने घासून लख्ख केल्या. सुतार आला, छताच्या हुकांना कड्या अडकवल्या, बोल्ट घातले आणि जुनेच नट लावायला घेतले. एक नट बोल्टच्या टोकावर ठेवून त्याने तर्जनीने गर्रकन फिरवला. नट सरळ तळापर्यंत गेला. सुतार खूश झाला. "बघा ताई, कसा मख्खन बसला!"

मी म्हटलं, "काढा तो."

त्याला वाटलं, बाईला काही कळत नाही. तसं मला खरंच फारसं कळत नाही. आयुष्य बँकेत गेलं, पान्याचे आकडे अजून चुकतात. पण हा एक नट कळतो. नायलॉक नट म्हणजे ज्याच्या शेवटच्या टोकाशी आतून नायलॉनचं कडं असतं तो. बोल्ट त्या कड्यातून घुसताना स्वतःच आटे पाडत जातो आणि नायलॉन त्याला आवळून धरतं. म्हणून हादरे बसले तरी नट सहजी सैल होत नाही. बसवताना बोल्ट कड्याला भिडला की तिथून पुढे नट पान्यानेच आवळावा लागतो, हाताला जोर लागतो. तो जोर लागतो म्हणजेच नट जिवंत आहे. बोटाने फिरायला लागला की आतलं नायलॉन संपलेलं असतं. बाबा त्याला "मेलेला नट" म्हणायचे.

बाबा सांताक्रूझच्या एका हँगरमध्ये ३४ वर्षं होते. विमानाच्या पोटात, पंखाखाली, शेपटीवर. घरी आले की नखांत काळं आणि अंगाला रॉकेलसारखा वास. मेलेला नट ते नुसता टाकून देत नसत. आमच्या जुन्या घरी ओट्याच्या कडेला एक छोटा व्हाइस बसवलेला होता (आई त्याला 'तुमचा तो जबडा' म्हणायची, आणि पुरणपोळीच्या दिवशी तो ओट्यावर असण्यावरून दर होळीला भांडण व्हायचं). टाकाऊ नट बाबा त्या जबड्यात धरून चेपायचे आणि मग कचऱ्यात टाकायचे. का? तर उद्या कुणीतरी तो उचलेल, चांगला दिसतो म्हणून खिशात घालेल आणि कुठेतरी लावेल. हँगरमध्येही तोच नियम. बाद झालेला भाग कुणालाही पुन्हा वापरता येणार नाही असा करूनच भंगारात टाकायचा.

दुसरा नियम दोन सह्यांचा. विमानाच्या सुकाणूशी, म्हणजे ज्यामुळे ते वर-खाली, डावी-उजवीकडे वळतं त्या यंत्रणेशी, कुणी काहीही काम केलं की काम करणाऱ्याने सही करायची. मग ज्याने त्या कामाला हात लावलेला नाही अशा दुसऱ्या अधिकृत माणसाने सगळं पहिल्यापासून तपासून आपली सही करायची. मी बँकेत लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला मेकर-चेकर समजावून सांगितलं गेलं. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने पास करायची, आणि दोघं एकच असता कामा नयेत. मला हसूच आलं. हे तर आमच्या घरी जेवणाच्या ताटावर शिकवलं होतं.

हे सगळं आठवायला एक नट पुरला. त्याच्या मागोमाग आठवलं ते रिनो.

१७ सप्टेंबर २०११, शनिवार. गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता, पितृपक्ष लागला होता. सकाळी चहाच्या वेळी टीव्हीवर बातमी आली. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रिनो इथे विमानांच्या शर्यतीत एक विमान प्रेक्षकांवर कोसळलं. चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवत होते. एक विमान जमिनीलगत येतं, एकाएकी आभाळाकडे उसळतं, उलटं होतं आणि नाक खाली करून सरळ येतं. बाबा तेव्हा पंचाहत्तरीचे होते. कपातला चहा तसाच राहिला. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शेपूट."

पुढच्या काही दिवसांत फोटो आले. शेपटीच्या डाव्या बाजूची एक लहानशी पट्टी जागेवर नव्हती. शेपटीखालचं चाक, जे उडताना आत असायला हवं, ते बाहेर आलेलं होतं. आणि वैमानिकाच्या काचेआड वैमानिक दिसतच नव्हता.

विमानाचं नाव 'द गॅलपिंग घोस्ट'. मूळचं पी-५१ मस्टँग, दुसऱ्या महायुद्धातलं, १९४४ सालचं लढाऊ विमान. युद्ध संपल्यावर अशी विमानं सरकारने स्वस्तात विकून टाकली आणि ती शर्यतीच्या शौकिनांनी घेतली. हे विमान १९४६ पासूनच क्लीव्हलंडच्या शर्यतींत उतरलेलं. म्हणजे फौजेची नोकरी जेमतेम आणि शर्यतीची हौस जन्मभर. रिनोला १९६४ पासून दर सप्टेंबरमध्ये शर्यती भरत. वाळवंटात उंच खांब रोवलेले, त्यांना वळसे घालत विमानं डावीकडे वळत राहतात, एकमेकांच्या अंगावरून, जमिनीपासून हातभर वाटावं इतक्या खालून. वैमानिक जिमी लीवर्ड, वय ७४, चित्रपटांसाठी विमानं उडवलेला जुना जाणता माणूस. तो गेला आणि त्याच्याबरोबर १० प्रेक्षक गेले. ६० हून जास्त जखमी झाले.

पहिल्या दिवशी सगळीकडे दोनच गोष्टी ऐकू येत होत्या. विमान म्हातारं आणि वैमानिक म्हातारा. आमच्या सोसायटीतही खाली बाकावर हाच निकाल लागला. बाबा चिडले. वयाचा मुद्दा ते स्वतःवर घेत असतील थोडाफार, पण चिडण्याचं कारण दुसरं होतं. म्हणाले, "म्हातारं विमान पडत नाही. न ओळखलेलं विमान पडतं."

हे वाक्य मला कळायला त्या विमानाला काय काय केलं होतं ते समजून घ्यावं लागलं. त्याचे पंख कापले होते. मूळ पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ३७ फूट, ती सुमारे ८ फुटांनी कमी केलेली. पंख आखूड म्हणजे हवेचा अडथळा कमी. मस्टँगच्या पोटाखाली इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरसाठी मोठं तोंड असतं, त्या विमानाची ओळखच ती. ते काढून टाकलं आणि त्याऐवजी पाण्याची टाकी ठेवून ते पाणी उकळून वाफेने उष्णता बाहेर सोडायची, अशी सोय केली. शर्यत काही मिनिटांची, तेवढं पाणी पुरतं. वैमानिकाच्या डोक्यावरची काच छोटी केली. आणि शेपटी. तिच्याकडे मी येतेच.

मस्टँग फौजेत होतं तेव्हा त्याचा सरळ उड्डाणातला सर्वांत जास्त वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास होता, पण तो साडेसात हजार मीटर उंचीवर. तिथे हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही विरळ असते. गॅलपिंग घोस्ट त्या दिवशी ताशी सुमारे ८२० किलोमीटरने जात होतं, आणि तेही जमिनीलगत. वेग तर थोडाच वाढला, असं वाटतं. पण हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वर तळातली हवा दाट. हिशेब मांडला तर त्या धातूवर, त्या स्क्रूंवर, त्या शेपटीवर येणारा हवेचा रेटा फौजेतल्या कमाल वेगाच्या वेळच्या दुपटीहून जास्त निघतो. १९४० च्या दशकात ज्या इंजिनियरांनी ते विमान काढलं त्यांनी आपला हिशेब आपल्या आकड्यांसाठी केला होता. नवा आकडा त्यांच्या वहीत नव्हता.

आता शेपटी. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे एक हलणारी फळी असते, एलिव्हेटर. तिच्यामुळे नाक वर-खाली होतं. त्या फळीच्याही मागच्या कडेला आणखी एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. तिचं काम एवढंच की वैमानिकाला दांडी सारखी ढकलून धरावी लागू नये. वेग वाढत जातो तसं मस्टँगचं नाक वर उठू पाहतं. ते खाली दाबून धरायचं ओझं ही पट्टी उचलते. म्हणजे वेग जितका जास्त, तितकं सगळं त्या पट्टीच्या भरवशावर. मूळ मस्टँगला अशा दोन पट्ट्या, दोन्ही बाजूंना एकेक. गॅलपिंग घोस्टमध्ये उजवी जागच्या जागी पक्की बसवून टाकली होती. काम सगळं डावीकडे.

आणि डावीची बिजागरी ज्या स्क्रूंनी धरली होती त्यांचे नट याच जातीचे, आत आवळून धरणारं कडं असलेले होते. कडी झिजलेली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये आला. कडी झिजलेली म्हणून स्क्रू सैल झाले. एका स्क्रूला थकव्याचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातूला जातो तसा, तडा गेला. पट्टीचा ताठपणा गेला आणि शर्यतीच्या वेगाला ती फडफडायला लागली. फडफड हा शब्द फार साधा आहे, पण मला दुसरा सापडत नाही. संक्रांतीला वाळकेश्वरच्या गच्चीवर मामा पतंगाची कन्नी बांधून द्यायचा. कन्नी जरा चुकली की मंद वाऱ्यात पतंग ठीक उडतो. वारा वाढला की एका क्षणी तो थरथरायला लागतो, थरथर वाढतच जाते, वाऱ्याचा जोर आणि कागदाचा ताण एकमेकांना चेव आणतात, आणि कामट्या मोडतात. हळूहळू बिघडत नाही. एका वेगापर्यंत सगळं ठीक असतं, पुढच्या वेगाला सगळं संपतं. धातूची पट्टी फडफडते ती सेकंदाला कित्येक वेळा. तिला धरणारी, हलवणारी दांडी तुटली. दाबून धरणारं कुणी उरलं नाही आणि नाक उसळलं.

त्या उसळीत शरीरावर आलेला भार वजनाच्या १७ पट होता. ७० किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी बाराशे किलो. रक्त डोक्यापर्यंत चढत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत माणसाची शुद्ध हरपते. तो काचेआड दिसत नव्हता याचं कारण हेच. चाक बाहेर आलं तेही त्याच भाराने. म्हणजे विमान लोकांकडे वळलं तेव्हा ते चालवणारं कुणी नव्हतं.

अहवालाने नटावर थांबून भागवलं नाही, आणि हे मला त्या अहवालातलं सर्वांत प्रामाणिक वाटतं. कारणांत त्यांनी हेही लिहिलं की विमानात मोठे बदल केले, त्यांची नोंद ठेवली नाही, त्यांची चाचणी केली नाही, आणि पुरेसं उड्डाण करून न बघता ते शर्यतीत उतरवलं. नट हा त्या न लिहिलेल्या वहीतला एक शब्द. उजवी पट्टी पक्की केल्यावर डावीवर किती ओझं येतं, कोणत्या वेगाला ती थरथरू लागेल, हे कुणी टप्प्याटप्प्याने वेग वाढवत बघितलेलं नव्हतं. त्या विमानातून जमिनीवर आकडे येत होते, इंजिनाचे, वेगाचे, साधनं होती. पण आकडा ज्याच्याशी ताडून बघायचा तो जुना आकडाच नसेल तर काय कळणार?

इथे दादाची गोष्ट सांगायला हवी. त्याला विचारून सांगते आहे.

१९८३. दादाकडे येझदी रोडकिंग. दोन सायलेन्सर, दोनशे पन्नास सीसी, आवाज अख्ख्या गल्लीचा. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना वेड लागलं की ती आणखी पळवायची. गॅरेजवाल्याकडून पोर्ट घासून घेतले, कार्बोरेटर बदलला, सायलेन्सर कापले, मागचा मडगार्ड अर्धा केला, उंच हँडल काढून छोटं, खाली झुकलेलं हँडल लावलं. त्या गाडीवर दादा झोपल्यासारखा बसायचा. रविवारी पहाटे, हायवे मोकळा असायचा तेव्हा, पार्ल्याहून दहिसरपर्यंत जाऊन यायचं. मला यातलं सगळं माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. ते ओझं माझंही आहे.

एका पहाटे गोरेगावच्या पुढे शंभराच्या काट्याला हँडल डावी-उजवी थरथरायला लागलं. दादा म्हणतो, आधी वाटलं रस्ता खराब आहे. मग हातात राहिनाच. गाडी आडवी झाली, घसरत गेली आणि रस्त्याच्या कडेने सायकलवरून किटल्या घेऊन चाललेल्या दूधवाल्याला लागली. दादाचा कोपर मोडला. दूधवाल्याचा पाय मोडला, दोन ठिकाणी.

बाबांनी दादाला काही म्हटलं नाही. आधी दूधवाल्याच्या दवाखान्यात गेले. तो बरा होईपर्यंत दर रविवारी जात राहिले, पैसे देत राहिले, आणि दादाला बरोबर नेत राहिले. गाडी घरी आली तेव्हा बाबांनी ती अंगणात उभी केली, पुढचं चाक विटांवर चढवलं, फोर्क हातात धरून मागे-पुढे हलवला. खट्ट. बारीक आवाज. मला बोलावून माझा हात तिथे ठेवला. "लागतंय?" लागत होतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल होता. मग दादाला म्हणाले, "हा गाडी घेतली तेव्हापासून सैल होता. साठच्या वेगाला तुला कळला नाही, कारण साठला तो काही करत नव्हता. तू गाडी शंभरला नेलीस. इंजिन शंभराचं केलंस, कोनसेट साठचाच राहिला."

ती गाडी आधी चालत होती आणि कोनसेट आधीही सैल होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला तेव्हा पचलं नव्हतं. जोर वाढवणाऱ्याच्या मनात फक्त जोर असतो. इंजिन दुप्पट करताना बाकीच्या दोनशे वस्तूंना कुणी विचारत नाही.

वरळीला नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात मारुत विमान उभं आहे. शाळेच्या सहलीला सगळी मुलं त्याच्या पोटाखालून धावतात. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने ते आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्ससाठी केलं, तोच टँक ज्याने मस्टँगच्या विरुद्ध लढणारं फोके-वुल्फ १९० काढलं होतं. मारुतची गत उलटी. शरीर वेगासाठी तयार होतं, पण त्याला हवं तसं ताकदीचं इंजिन कधी मिळालंच नाही. बाबा मला ते दाखवताना हळहळायचे. आता वाटतं, त्या अधुरेपणातही एक सुरक्षितता होती. शरीर इंजिनाच्या पुढे असलेलं बरं.

याचा अर्थ जुनी विमानं उडवू नयेत, असं मला अजिबात म्हणायचं नाही. तसं म्हणणाऱ्यांना मी एक दिवस सांगते. १५ ऑक्टोबर १९८२. मी कॉलेजात होते. बाबांनी मला सकाळी उठवलं आणि जुहूच्या विमानतळाकडे नेलं. त्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी, १९३२ साली, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला उतरले होते. आता त्याच तारखेला, ७८ व्या वर्षी, ते पुन्हा कराचीहून निघाले, लेपर्ड मॉथ या जुन्या, पंखांची एकच जोडी असलेल्या, कापड चढवलेल्या विमानाने. आम्ही भिंतीबाहेर गर्दीत होतो. आम्हाला दिसलं ते एक चिमुकलं विमान, घाई नसलेलं. बाबा विमानाकडे बघत नव्हते, डोळे मिटून इंजिन ऐकत होते. "गोड चाललंय," म्हणाले.

वैमानिक ७८ चा, विमान पन्नाशीच्या घरातलं. आणि त्या दिवशी काहीही झालं नाही. कारण विमानाला जे करायला सांगितलं ते त्याला १९३० च्या दशकापासून येत होतं.

शर्यतीचंही तसंच. मुंबईच्या माणसाला विमानांची शर्यत परकी नाही. १९३० ची गोष्ट. आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने उडत जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पींच्या विमानाचे प्लग दगा देत होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग काढून दिले. अस्पी पुढे गेले आणि जिंकले, आणि पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुखही झाले. ही गोष्ट लोक खिलाडूपणाची म्हणून सांगतात. बाबा ती प्लगची म्हणून सांगायचे. वाळवंटात जाणारा माणूस जादा प्लग बरोबर ठेवतो, हे त्यांना त्यात महत्त्वाचं वाटायचं.

रिनोवर परत. मला जास्त छळतं ते हे की इशारा आधी मिळाला होता. १९९८ मध्ये रिनोलाच 'वूडू चाइल' नावाच्या अशाच मस्टँगची ट्रिम पट्टी शर्यतीत निघून गेली. नाक तसंच उसळलं, वैमानिक बॉब हॅना बेशुद्ध झाला. नशीब असं की विमान प्रेक्षकांकडे नाही, आभाळाकडे गेलं. हजारो फूट वर तो शुद्धीवर आला आणि सुखरूप उतरला. त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्या नशिबाचं कौतुक केलं असणार. पुढच्याच वर्षी 'मिस ॲशली टू' हे विमान शर्यतीत हवेतच तुटलं. त्याचं धड मस्टँगचं, पण पंख लिअरजेट या खासगी जेटचे, आणि इंजिन ग्रिफन, दोन पंखे उलटसुलट फिरवणारं. वैमानिक गॅरी लेव्हिट्झ गेला. हे विमान जुनंही म्हणता येत नाही आणि नवंही. नाव मस्टँगचं, पण त्या शरीराला कधी कुणी भेटलेलंच नव्हतं.

आणि त्याच्याही आधी, १९४९, क्लीव्हलंड. 'बेगीन' नावाचं मस्टँग. पोटाखालचा रेडिएटर काढून तो पंखांच्या दोन्ही टोकांना नळकांड्यांत बसवलेला. फार देखणं विमान, फोटो बघावेत. चालवणारा बिल ओडम लांब पल्ल्याचा विक्रमवीर, पण खांबांना वळसे घालण्यात नवखा. वळताना ताबा गेला आणि विमान बेरिया गावातल्या एका घरावर पडलं. घरात एक तरुण आई आणि तिचं लहान बाळ होतं. दोघंही गेली. त्यानंतर क्लीव्हलंडच्या शर्यती बंद पडल्या. त्या आईने तिकीट काढलेलं नव्हतं. ती आपल्या घरात होती.

म्हणूनच "ज्याचा जीव, त्याची हौस" हे वाक्य मला इथे पटत नाही, एरवी पटतं. हिमालयात चढणाऱ्याला, समुद्रात पोहणाऱ्याला मी कधी काही म्हणणार नाही. रिनोच्या वैमानिकांनाही म्हणणार नाही. ते येडे नव्हते. त्यांतले कित्येक उत्तम कारागीर होते. 'रेअर बेअर' नावाचं तसंच बदललेलं बेअरकॅट विमान दशकानुदशकं उडत राहिलं आणि १९८९ मध्ये त्याने ताशी ८५० किलोमीटरचा विक्रम केला. बदल करूनही माणसं नीट राहू शकतात. फक्त बदल करणाऱ्याने ते वहीत लिहायचे असतात, पायरीपायरीने वेग वाढवून बघायचे असतात, आणि ज्याचा त्यात हात नाही अशा कुणाला तरी ते दाखवायचे असतात. हौशी माणसाला नेमकं हेच नकोसं होतं. वही म्हणजे कारकुनी. दुसरी सही म्हणजे अविश्वास. शर्यतीतला बदल तर गुपितच असतो, शेजाऱ्याला कळला तर तोही करील. बँकेत मला तीस वर्षं हेच ऐकावं लागलं. "मॅडम, माझ्यावर विश्वास नाही का?" विश्वास आहे हो. म्हणूनच तर दुसऱ्याला बघू दे.

अपघातानंतर मंडळाने बऱ्याच सूचना केल्या. बदललेल्या विमानांचं अभियंत्याकडून मूल्यमापन, शर्यतीआधी उड्डाणात खात्री, प्रेक्षक आणि मार्ग यांच्यातलं अंतर, वैमानिकांना भार सोसण्याचं शिक्षण. शर्यती पुढेही काही वर्षं चालल्या. २०२३ चा सप्टेंबर हा रिनोचा शेवटचा. शेवटच्या दिवशी दोन वैमानिक उतरताना एकमेकांवर आदळून गेले. त्यांची विमानं प्रशिक्षणाची टी-६, त्या अपघाताशी पंख कापण्याचा काही संबंध नव्हता. जमिनीलगत गर्दीने उडणं हेच एक स्वतंत्र संकट आहे, ते कुठल्याही नटाने सुटत नाही. आता त्या शर्यती न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला गेल्या आहेत.

अहवाल आला तेव्हा मी तो सगळा छापून आणला, बँकेच्या प्रिंटरवर नाही, पार्ले स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून, पैसे देऊन. बाबांना दिला. त्यांनी तीन संध्याकाळी झोपाळ्यावर बसून तो वाचला, हातात पेन्सिल. नटाच्या फोटोपाशी बराच वेळ थांबले. बदलांच्या यादीपाशी समासात बारीक अक्षरात प्रश्नचिन्हं काढत गेले. दादा तेव्हा आलेला होता, समोर खुर्चीवर बसून चणे खात होता. त्याचा उजवा कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, चण्याची वाटी तो डाव्या हातात धरतो.

शेवटचं पान उलटून बाबांनी चश्मा काढला. मला वाटलं, आता नायलॉनवर व्याख्यान होणार.

"ते दहा जण कुठे बसले होते ग?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, मैदानालगत, पुढच्या खुर्च्यांच्या रांगांत.

त्यांनी मान हलवली. दादाने वाटी खाली ठेवली, उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली पहाटेचा दूधवाला नव्हता, संध्याकाळचे सात वाजले होते, रिक्षा चालल्या होत्या. तरी तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला.